जन्मवजनाच्या नोंदी रद्दीत घालू नका

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मधुमेह दिनाच्या निमित्ताने आपल्या दैनिकात आलेले लेख मी लक्षपूर्वक वाचले. वजन आटोक्यात ठेवा, गोड कमी खा, रोज चाला, हा त्यांतील सल्ला योग्यच आहे. परंतु ते वाचताना साखरेचा आजार म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्या, अंगाने भरलेल्या माणसांचा आजार ही आपल्याकडची जुनी समजूत पुन्हा पक्की होते, आणि त्याच समजुतीपायी कोकणातली कितीतरी सडपातळ, कष्टकरी माणसे तपासणीबाहेर राहतात. मी रत्नागिरी जिल्ह्यातील उपकेंद्रांतून एकतीस वर्षे आरोग्य सेविका म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल, आणि त्या कामाचा आमच्यासारख्या बायकांनी लिहिलेल्या वह्यांशी जो संबंध आहे त्याबद्दल, मला लिहायचे आहे.

डॉ. याज्ञिक ऑक्सफर्डला संशोधन करून पुण्यात परत आले तेव्हा पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला मधुमेही उतारवयाचा आणि लठ्ठ असे. पुण्यात त्यांच्यासमोर येऊन बसणारा रुग्ण मात्र त्याहून बराच तरुण, आणि युरोपच्या मापाने पाहिले तर सडपातळच असे. हे कोडे त्यांनी बाजूला टाकले नाही, उलट पुढचे सारे आयुष्य त्यालाच दिले. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन शरीरात असूनही ते काम करत नाही, असे होऊ शकते हे लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. साखर आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन त्यांनी पाहिले, तेव्हा काही मधुमेहींच्या रक्तातली साखर आटोक्यात राहिली आणि काहींची चढतच गेली. पहिल्यांचे शरीर इन्सुलिनला दाद देत होते, दुसऱ्यांचे देत नव्हते. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करत राहते, आणि ज्या दिवशी त्याला ते झेपेनासे होते त्या दिवसापासून साखर वाढू लागते. पोटाच्या आतल्या भागात आणि यकृतात साठलेली चरबी ही दाद सर्वांत जास्त कमी करते, म्हणून वजनकाट्यावरच्या आकड्याइतकेच ती चरबी कुठे बसली आहे हेही महत्त्वाचे ठरते. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात भारतीयांमध्ये वाढलेल्या साखरेचा संबंध एकूण लठ्ठपणापेक्षा पोटाच्या घेराशी अधिक आहे, असे दाखवून दिले होते.

२००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे छायाचित्र छापले. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, अगदी सारखा होता, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःच्याच शरीराचा दाखला पुढे करावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक प्रशिक्षणात हे छायाचित्र दाखवले पाहिजे, कारण शंभर वाक्यांनी जे पटत नाही ते त्याच्याकडे एकदा पाहिले की पटते.

पण त्यांचे खरे काम खेड्यांत झाले. १९९३ मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर आणि डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्या साथीने पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ सुरू झाला. लग्न झालेल्या बायकांची गर्भारपणाच्या आधीपासून नोंद ठेवायची, त्या काय खातात, किती राबतात ते लिहायचे, आणि मूल जन्मल्यावर त्याच्यामागे वर्षानुवर्षे जायचे, असे ते काम होते. त्या मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर होती. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. पुण्याच्या बाळाचे दंड बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी. पण पाठीच्या फऱ्याखाली चिमटीत धरलेली त्वचेची घडी मात्र जवळजवळ इंग्लंडच्या बाळाइतकीच जाड. म्हणजे शरीर लहान घडवताना इतर सगळ्यांत कपात झाली होती आणि चरबी तेवढी राखली गेली होती. पुढे पुण्यातल्या आणि लंडनमधल्या बाळांच्या नाळेतले रक्त तपासले गेले, तेव्हा पुण्याची बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त आढळले. मधुमेहाकडे नेणारी वाट जन्माच्या आधीच सुरू झालेली असू शकते, हे या नोंदींनी दाखवले.

या सगळ्याची सुरुवात जिथून झाली ती गोष्ट आमच्या खात्यातल्या प्रत्येकीला ठाऊक असायला हवी. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाई तिथल्या परिचारिका आणि सुइणींच्या प्रमुख होत्या. बाळंतपणाला हजर असणाऱ्या बाईने बाळाचे वजन करून ते लिहायचे, आणि मूल वर्षाचे झाले की पुन्हा घरी जाऊन वजन लिहायचे, अशी शिस्त त्यांनी घालून दिली. १९११ पासूनच्या त्या वह्या जपून ठेवलेल्या होत्या. डॉ. बार्कर यांच्या गटाला त्या सापडल्या, आणि १९२०-३० च्या दरम्यान जन्मलेले, साठी ओलांडलेले पुरुष शोधून त्यांची साखर तपासण्यात आली. जन्मताना आणि पहिल्या वाढदिवसाला जे वजनाने हलके होते, त्यांच्यात साखरेचा बिघाड अधिक निघाला. हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी डॉ. हेल्स आणि डॉ. बार्कर यांनी मांडणी केली की गर्भात पोषण कमी पडलेले शरीर काटकसरीची सवय घेऊन जन्मते आणि पुढे भरपूर खायला मिळू लागले की त्याला ते पेलत नाही. खेड्यापाड्यांत फिरून काट्यावरचा आकडा टिपणाऱ्या त्या बायकांना आपल्या हातून काय लिहिले जात आहे याची कल्पना असणे शक्यच नव्हते. त्यांनी आकडा खरा लिहिला आणि कोणीतरी वही जपली, म्हणून सत्तर वर्षांनी ते कळले.

आता माझ्या अनुभवाबद्दल लिहिते. १९९४ च्या आषाढात एका वाडीतून सुईणीचा निरोप आला म्हणून मी साकव ओलांडून गेले, तोपर्यंत बाळंतपण होऊन गेले होते. आई आदल्या दिवसापर्यंत लावणीला जात होती. पडवीच्या वाशाला स्प्रिंगचा काटा अडकवून झोळीत बाळाला ठेवले, तेव्हा काट्याची सुई थरथरत दोन किलो शंभर ग्रॅमवर थांबली. बाळाच्या आजीने मला विचारले, “बाय, पोर जगंल ना गो?” मी जगेल म्हणाले, आणि तो जगला. त्या वेळी आमच्या लेखी काम तिथेच संपले: बाळ जगले, लसी झाल्या, वर्षाचे झाले, रेघ मारली.

तोच मुलगा २०२३ मध्ये माझ्याकडे आला. साखरीनाट्याच्या बंदरातून सुटणाऱ्या एका बोटीवर तो खलाशी होता. टाचेची जखम दोन महिने भरत नव्हती. पूर्वी कधीतरी गावात तपासणी शिबिर लागले असताना तो रांगेत उभा राहिला होता; तिथे त्याला “तुझ्यासारख्या काडीला कसली साखर?” असे म्हणून परत पाठवले गेले, शिवाय त्याला तिशी पूर्ण व्हायची होती आणि यादी तिशीच्या पुढच्यांची होती. मी त्याचे वजन केले तर ५८ किलो भरले. उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय २२.७, आपल्या लोकांसाठी जादा वजनाची सीमा २३ धरतात, त्याच्याही आत. पण शिंप्याची टेप बेंबीच्या वरून फिरवली तेव्हा ९१ सेंटिमीटर आले, आणि पुरुषांसाठी ९० ही धोक्याची रेषा आहे. उपाशीपोटीची साखर २४० च्या वर निघाली. एका माणसाच्या उदाहरणावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला चांगले कळते. दोन किलो शंभरच्या प्रत्येक बाळाला मधुमेह होतो असे नाही आणि साडेतीन किलोच्या बाळाला होत नाही असेही नाही. पण त्याच्या जन्माचा आकडा मला माझ्या डायरीत सापडला, तेव्हा अशा शेकडो आकड्यांचे काय झाले या विचाराने मी रात्रभर जागी होते.

त्यांचे काय झाले ते मला माहीत आहे. माझ्या नोकरीच्या काळात एक कार्यालय जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलवले गेले, तेव्हा मुदत संपलेल्या नोंदवह्या म्हणून बाळंतपणाच्या आणि बालकांच्या वजनाच्या वह्यांचे गठ्ठे ओट्यावर काढून ठेवले होते. निम्म्यांना वाळवी लागलेली होती, उरलेले रद्दीवाल्याच्या टेम्पोत गेले. मी त्या वेळी काही बोलले नाही. नियमाप्रमाणेच चालले होते, आणि त्या वह्यांची किंमत मला तेव्हा कळत नव्हती. आज माझ्याजवळ उरल्या आहेत त्या फक्त चार खाजगी डायऱ्या, ज्यांत मी मोठ्या वहीत चढवण्यापूर्वी जागच्या जागी आकडे टिपत असे.

अशा वह्या आपल्या देशात कोणी जपल्याच नाहीत, असे नाही. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ स्मृती रुग्णालयात १९३४ पासून जन्मलेल्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर लिहिलेला होता. डॉ. फॉल यांनी त्या नोंदींवरून मोठी झालेली माणसे शोधली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते इंग्लंडहून वेगळे निघाले: म्हैसुरात मधुमेह जास्त होता तो जन्मताना लांबीने कमी पण लांबीच्या मानाने गुबगुबीत असलेल्यांत, आणि ज्यांच्या आया अधिक वजनाच्या होत्या त्यांच्यात. एका मुलखाचे उत्तर दुसऱ्या मुलखाला जसेच्या तसे लागू पडत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. मग कोकणाचे उत्तर पुण्याच्या सहा गावांवरून कसे काढणार?

पुण्याच्या अभ्यासात दर तीन मातांपैकी सुमारे दोघींमध्ये बी-बारा जीवनसत्त्व कमी होते. फॉलिक अॅसिडची कमतरता मात्र क्वचितच होती. ज्यांच्या आईच्या शरीरात बी-बारा कमी आणि फोलेट, म्हणजेच फॉलिक अॅसिड, भरपूर होते, अशा मुलांचे शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात, भातात, कुळथात नसते. ते मासे, अंडी, मटण आणि दूधदुभत्यातून मिळते. समुद्र दारात असलेल्या आपल्या किनाऱ्यावर त्याची वाण कशी असेल, असे कोणी विचारील. त्यांनी माझ्यासारखे घराघरांत जेवणाच्या वेळी जाऊन पाहायला हवे होते. मासळीचा तुकडा आधी पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या ताटात पडे, आणि सगळ्यांच्या मागून जेवायला बसणाऱ्या गरोदर सुनेच्या भातावर उरलेले कालवण. पावसाळ्यात बोटी बंद, आगोटीसाठी भरलेली सुकट आणि सुके बांगडे पुरवून पुरवून वापरायचे, मग श्रावण. एका घरात सातव्या महिन्यातली मुलगी सकाळी पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, रात्री पुन्हा पेज, असे तीन दिवस जेवत असल्याचे मी लिहून ठेवले आहे. दूध होते ते चहापुरते. म्हणून आपल्याकडे मोजणी व्हायला हवी असे मी म्हणते.

येथे एक खुलासा अत्यंत आवश्यक आहे. शाळेत दर आठवड्याला मुलींना मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. ती बंद करा असे वरच्या मजकुरावरून कोणीही समजू नये. पंडुरोगासाठी आणि बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीसाठी ती हवीच. तिच्या जोडीला बी-बाराही हवे का, हा खरा प्रश्न आहे. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने २०१२ पासून त्याच सहा गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी-बारा देऊन त्यांच्या पुढच्या पिढीची बाळे तपासली. आजी, आई आणि नात एकाच अभ्यासाच्या वहीत यावी, इतकी चिकाटी आपल्या राज्यातल्या एका गटाने दाखवली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. याच गावांतील मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींची साखर मधुमेहपूर्व पातळीवर किंवा त्याच्याही वर होती. त्यांचा सरासरी बीएमआय २० पेक्षाही कमी होता. अठराव्या वर्षी आणि अंगावर मांस नसताना ही स्थिती असेल, तर तिशीच्या यादीची वाट पाहण्यात काय अर्थ आहे?

आपल्या किनाऱ्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला, आणि सर्व राज्यांत सर्वाधिक प्रमाण आढळले ते तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात, २६.४ टक्के. तिथला भात, नारळ आणि मासळी आपल्यासारखीच आहे. आपल्या वाड्यांतून दोन-सव्वादोन किलोची जन्मलेली मुले मुंबईत जाऊन बसून करायच्या नोकऱ्यांत शिरतात आणि पाच वर्षांत त्यांची पोटे सुटतात, हेही आपण दर गणपतीत पाहतो.

माझी पहिली विनंती रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांना आहे. उपकेंद्रांतून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ज्या जुन्या बाळंतपणाच्या आणि वजनाच्या वह्या अजून शिल्लक असतील, त्या मुदत संपली म्हणून मोडीत न काढता एका ठिकाणी गोळा कराव्यात आणि त्यांची पाने स्कॅन करून ठेवावीत. त्यांत बायकांची नावे आणि घरची माहिती असते, तेव्हा संबंधितांच्या संमतीशिवाय ती बाहेर जाणार नाही याची व्यवस्थाही त्याच वेळी करावी. तपासणी शिबिरांत वयाची आणि अंगकाठीची अट न घालता टेपने पोटाचा घेर मोजावा, एवढे तर उद्यापासून करता येईल. टेपला दहा-वीस रुपयांहून जास्त लागत नाहीत.

दुसरी विनंती आज काम करणाऱ्या माझ्या भगिनींना आहे, आणि ती मी अधिक कळकळीने करते. अडीच किलोच्या खाली बाळ भरले की ‘कमी वजनाचे’ ठरते, वरून विचारणा होते, जादा भेटी द्याव्या लागतात. म्हणून दोन किलो चारशे तीस भरलेले बाळ वहीत अडीच होते. जुनी वही उघडून पाहिलीत तर पानेच्या पाने अडीच, अडीच, अडीच अशी दिसतील. मीही सुरुवातीची दोन वर्षे हेच केले, कारण मला तसेच शिकवले गेले होते. नंतर एका वैद्यकीय अधिकारी बाईंनी काट्याची सुई जिथे थांबेल तेच लिहायला लावले, आणि माझ्या डायऱ्यांतले त्यापुढचे आकडे मी छातीठोकपणे खरे आहेत म्हणून सांगू शकते. काटा रोज शून्यावर आणा, बाळाचे कपडे काढून वजन करा, आणि दहा ग्रॅमपर्यंत जे दिसेल ते लिहा.

आपल्याकडच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा संशोधन गटाला या नोंदींवरून आज पंचवीस-तीस वर्षांची झालेली माणसे शोधून त्यांची तपासणी करायची असेल, तर माझ्या चारही डायऱ्या मी द्यायला तयार आहे. त्यांत १९९१ ते २००४ या काळातली सहाशेच्या वर बाळे आहेत, वाडीच्या नावासह. बहुतेक घरे मला अजून पायवाटेने सापडतील. २००१ च्या डायरीची काही पाने पावसात भिजून शाई पसरली आहे. ती उतरवून घेताना मला सोबत बसावे लागेल.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. राजापूर, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे कळवला आहे, रुग्णांची ओळख उघड होऊ नये म्हणून तो प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)